तुम्ही कोणतं गाणं म्हटलंत?

समुपदेशक बाईंच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले आणि दोन मिनिटांत भांडण उकरून काढलं. कारण काय, तर त्यांनी दार लावून घेतलं.

"दार उघडं राहू दे," मी म्हणाले.

"बाहेर लोक बसलेत, ताई. तुमचं बोलणं त्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे की! सव्वीस वर्षं माझं बोलणं अख्ख्या शहराने ऐकलंय. त्या चार जणांनी ऐकलं तर काय बिघडतं?"

मला वाटलं, आता ही बाई समजूत घालणार, नाहीतर कागदावर काहीतरी लिहून घेणार. तसं काही झालं नाही. त्या उठल्या, दार वीतभर उघडं केलं, ते पुन्हा लागू नये म्हणून आपल्या पायातली एक चप्पल फटीत सारली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशा येऊन समोर बसल्या. वय असेल पस्तीसेक. माझ्या भाचीएवढी. मी मनात म्हटलं, चला, अगदीच बावळट नाही.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आग लागली की लोक जो नंबर फिरवतात ना, त्याच्या दुसऱ्या टोकाला मी असायचे. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात, कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घ्यायचा, गाडी पाठवायची आणि गाडी पोचेपर्यंत काय करायचं ते त्याला सांगत राहायचं. नवीन पोरी तोंडावर मला मावशी म्हणायच्या आणि पाठीमागे तोफ. मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माझ्या जिभेला हाड नव्हतं. पण पत्ता काढावा तर मीच, असं साहेबसुद्धा म्हणायचे.

आता आठ महिने मी गोदामात आहे. बूट आणि हेल्मेटं मापाप्रमाणे फळीवर लावते. कारण मला फोन उचलता येत नाही. कुठेही फोन वाजला की हात गार पडतात. घरी तर त्याहून तऱ्हा. मी न्हाणीघराचं दार लावत नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली असली, तरी नवऱ्याने तोंड फिरवून बसावं म्हणजे काय! हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, स्वभावाने गरीब. आल्याबरोबर आपला फोन मुका करून कपाटात टाकतात, मला एका शब्दाने काही विचारत नाहीत. शेवटी त्यांनीच कुणाला तरी विचारून या बाईंचा पत्ता आणला.

आणि माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं. चार ओळींचं, अक्षर टपोरं. ज्या मुलीच्या फोननंतर माझं हे असं झालं, तिच्या आईचं. तिने लिहिलं होतं, 'साहेबांनी मला सांगितलं की माझ्या मुलीला धीर यावा म्हणून शेवटी तुम्ही तिला गाणं म्हणून दाखवत होतात. तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही कोणतं गाणं म्हटलंत, एवढंच मला सांगा. दुसरं काही विचारायचं नाही.'

मी गाणं म्हटलं नव्हतं. साहेबांनी तसं का सांगितलं, ते मला माहीत होतं. आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही.

बाईंची पद्धत अशी. डोळे मिटायचे आणि त्या दिवशी जे घडलं ते आत्ता घडतंय असं सांगायचं. 'मी म्हणाले' नाही, 'मी म्हणते.' सुरुवात कामावर पोचण्यापासून करायची आणि घरी सुखरूप येईपर्यंत थांबायचं नाही. हे सगळं त्या एका छोट्या रेकॉर्डरवर घेत. तो रेकॉर्डर घरी न्यायचा आणि रोज एकदा ऐकायचा. मधूनमधून त्या एकच प्रश्न विचारत, "त्रास किती? शंभरपैकी?"

"पंचाण्णव," मी पहिल्या दिवशी म्हणाले. "पाच मार्क अक्षराचे कापले."

त्या हसल्या.

"पण रोज तेच तेच ऐकून काय होणार?" मी विचारलं. "जखमेवरची खपली काढायची म्हणता?"

"आठ महिने तुम्ही त्या दिवसापासून पळताय, ताई. तो तुमच्या मागेच येतोय. आपण थांबून त्याच्याकडे बघू. पुन्हा पुन्हा बघितलं की मनाला कळतं, तो दिवस संपलाय. भीती एकदम जात नाही, पण उतरते."

"आणि नाही उतरली तर?"

"तर आपण काहीतरी बघायचं राहिलंय, असं समजायचं."

मग मी सांगायची. दुपारचे चार वाजून आठ मिनिटं झालीयेत. बोर्डावर दिवा लागतो. मुलीचा आवाज. एकोणीस वर्षांची आहे, पाचव्या मजल्यावर, घरात एकटी. आई कामावर आहे. जिन्यात धूर आहे. मी पत्ता घेते, गाडी निघते. मी तिला सांगते, न्हाणीघरात जा, दार लाव, टॉवेल भिजवून खालच्या फटीला लाव, नळ सोडून खाली बसून राहा. ती सगळं करते. हुशार आहे पोरगी. मग म्हणते, "मॅडम, कुठे जाऊ नका हं." मी म्हणते, "इथेच आहे, बाळा." बाळा म्हणायचं नसतं खरं तर, नियम आहे. मग ती खोकते. मग तिचा आवाज येत नाही. मी हाका मारते. मग दार फुटल्याचा आवाज आणि आमच्या जवानाचा आवाज येतो. मग मी घरी जाते. अंघोळ करते. आडवी पडते.

"किती?"

"पंचाण्णव."

सहा आठवडे हेच चाललं. आठवड्याला एकदा तिथे आणि रोज घरी. मी रेकॉर्डर ऐकायची, हे पलीकडे पेपर वाचल्यासारखं करायचे. ऐकून ऐकून मला ते पाठ झालं, शाळेत कविता पाठ व्हायची तसं. आकडा मात्र ढिम्म हलेना. एक दिवस यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "रागावू नकोस. पण काच जास्त घासली ना, की गुळगुळीत होते, पण नंबर बिघडतो आणि तिच्यातून दिसायचं ते दिसत नाही. तुझं हे तसं झालंय."

मी त्यांच्यावर अशी काही तडकले की बिचारे चहा न घेताच दुकानात गेले. दिवसभर मला स्वतःचीच लाज वाटत होती.

सातव्या आठवड्यात मी पुन्हा डोळे मिटून सांगत होते. "इथेच आहे, बाळा" पर्यंत आले आणि बाई हळूच म्हणाल्या, "थांबा. डोळे उघडा. तुमचा उजवा हात बघा."

माझं बोट खुर्चीच्या हातावर दाबलेलं होतं. इतकं, की नख पांढरं पडलं होतं.

"दर वेळी याच वाक्याला दाबता," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. तुमचं बोट काय दाबतंय, ताई?"

मी ताडकन उठले. पर्स उचलली. म्हणाले, "सात आठवडे माझी बोटं बघत बसलात होय? मला काय चोर समजलात?" त्यांनी अडवलं नाही. दार वीतभर उघडंच होतं. फटीत त्यांची ती चप्पल. दर वेळी न विसरता सारलेली. मी त्या चपलेकडे बघत उभी राहिले. परत येऊन बसले. डोळे मिटले.

"बटण," मी म्हणाले. "होल्डचं."

"आत्ता घडतंय तसं सांगा."

बोर्डावर चार दिवे लागलेत. आम्ही दोघीच आहोत, दुसरी तिच्या फोनवर आहे. नियम असा की गाडी निघाली आणि सूचना देऊन झाल्या की माणसाला होल्डवर टाकून पुढचा फोन घेता येतो. दुसरीकडेही आग असेल, कुणी सांगावं? मी तिला सांगते, इथेच आहे बाळा, आणि बटण दाबते. पुढचा फोन घेते. एक माणूस आहे. म्हणतो, तुमची गाडी माझ्या फाटकासमोर उभी केलीये. मला बाहेर पडायचंय, कधी हलवणार? मी रस्ता विचारते. तोच रस्ता. तिच्याच घराखाली उभी असलेली गाडी आहे ती. मी लाइन मोकळी करा म्हणायचं आणि कट करायचं. चार सेकंदांचं काम. पण मी तोफ ना! मी म्हणते, अहो, वर माणसं गुदमरताहेत आणि तुम्हाला फाटकाची पडलीये? तो म्हणतो, आवाज खाली. मी म्हणते, तुमच्या घरातलं कुणी वर असतं म्हणजे कळलं असतं. तो म्हणतो, तुमच्या साहेबांकडे तक्रार करतो. मी म्हणते, खुशाल करा, नाव नीट लिहून घ्या माझं. मग मी फोन कट करते. मला बरं वाटतं. देवाशप्पथ सांगते, बाई, त्या क्षणी मला बरं वाटतं, कशी जिरवली म्हणून. मग मी तिच्या लाइनवर परत येते. म्हणते, बाळा? बाळा, आहेस ना?

बाई म्हणाल्या, "पुढे."

"पुढे काय! सत्तेचाळीस सेकंद. मी नंतर मोजले. ती तिथे बसून आमची होल्डची धून ऐकत होती. टिंगटिंग वाजते ती. चौकशीत फक्त तिच्या लाइनचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात ती धून आहे. मी तेव्हा दुसरीकडे काय करत होते, ते कुणी विचारलंच नाही, होल्ड नियमात बसतो ना! आणि आईने विचारलं, शेवटी काय झालं, तेव्हा साहेबांना तिला काय सांगावं ते सुचलं नाही. सांगून टाकलं, आमच्या बाई गाणं म्हणत होत्या."

मग त्यांनी विचारलं, "किती?"

"शंभर."

"आज खरा आकडा सांगितलात," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

पुढचे आठवडे आम्ही फक्त तेवढाच तुकडा घेतला. बटण दाबल्यापासून बाळा म्हणेपर्यंत. पुन्हा, पुन्हा. एकदा तर मी ओकले. हे सगळं टेपवर यांनीही ऐकलं. ऐकून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले आणि माझं डोकं थोपटत राहिले, मी लहान असल्यासारखं. आकडा नव्वदवर आला, मग ऐंशी, मग सत्तर. एक दिवस मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की लावलं होतं.

त्या बाईंनी एकदाही म्हटलं नाही, की यात तुमचा दोष नाही. सगळे म्हणायचे, साहेब, पोरी, हे. मीच शेवटी विचारलं, "मी तिच्याशी बोलत असते तर ती वाचली असती का?"

"नाही, ताई. तुमच्या बोलण्याने धूर कमी झाला नसता. जवान जेव्हा पोचायचे तेव्हाच पोचले असते."

"पण एकटी नसती गेली."

त्या म्हणाल्या, "हो. ते खरं आहे."

त्यांनी तिथे काही गोड बोलून टाळलं असतं, तर मी पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं.

मग राहिलं पत्र. मी ते पर्समधून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. घडीवर फाटायला आलं होतं. "मी एक गाणं ठरवलंय," मी म्हणाले. "अंगाईसारखं आहे. लिहून पाठवते. आईला बरं वाटेल. खरं सांगून तिचं आहे तेवढंही काढून घेऊ का? ती त्याच्यावर जगतेय."

"आणि न सांगता तुम्ही जगाल?"

"मी काय, आजपर्यंत जगलेच की."

त्या गप्प.

"अहो, बोला ना! एवढं शिकलात कशाला मग?" मी चिडले.

"तुमच्या वतीने ठरवायला नाही शिकले," त्या म्हणाल्या. "खरं सांगितलंत तर तुमचं ओझं कमी होईल, आणि तिचं वाढेल. दोन्ही खरं आहे. पण किती ऐकायचं, हे तिचं तिने ठरवावं. तुम्ही पहिल्या दिवशी मला म्हणालात, दार उघडं राहू दे. मी उघडं ठेवलं. पण लावायच्या आधीच मी विचारायला हवं होतं. तुम्ही तिला विचारा."

मी तिला कळवलं आणि एका दुपारी गेले. यांना रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबवलं. ती आता तळमजल्यावर राहते. इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करते. हातांवर भाजल्याचे बारीक बारीक डाग होते. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. खोली नीटनेटकी, दोन खुर्च्या, खुंटीवर मुलीची कापडी पिशवी, अजून फुगलेली, आतल्या वह्या तशाच असणार. तिने मला हाताला धरून बसवलं. पाणी दिलं. म्हणाली, "तुमचा आवाज कसा असेल याचा मी किती विचार केला. बोला ना काहीतरी."

ते ठरवलेलं गाणं अगदी जिभेवर होतं. दोन ओळी म्हटल्या असत्या की संपलं असतं सगळं. तिने माझे हात हातात घेतले असते आणि मी घरी गेले असते.

"ताई," मी म्हणाले, "साहेबांनी सांगितलं ते तसं नाही. ते वाईट माणूस नाहीत, तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले. जे आहे ते जड आहे, आणि त्यात चूक माझी आहे. तुम्हाला ऐकायचं असेल तर सांगते. नसेल ऐकायचं, तर नाही सांगत. तुम्ही म्हणाल तसं."

तिने हातातला पेला खाली ठेवला. पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "सांगा."

मी डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे बघून सगळं सांगितलं. ती हुशारीने कशी वागली ते सांगितलं, टॉवेल, नळ. ती कुठे जाऊ नका हं म्हणाली ते सांगितलं. मी काय उत्तर दिलं ते. मग बटण. मग तो माणूस आणि त्याचं फाटक. मी त्याला काय काय बोलले, शब्दन् शब्द. शेवटी, परत आले तेव्हा ती नव्हती, ते.

भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. मग तिने विचारलं, "शेवटचा शब्द कुणाचा होता? त्या भांडणात?"

"माझा."

तिने मान हलवली. "तिलाही लागायचा शेवटचा शब्द. त्या दिवशी सकाळी आम्ही भांडलो होतो. मी तशीच कामावर गेले. पिशवी जागेवर ठेवत नाही म्हणून भांडण." ती खुंटीकडे बघत होती. "मला वाटायचं, निदान तुम्ही होतात."

माफ करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं असतं तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

"धून कशी होती ती?" तिने विचारलं.

"अं?"

"ती ऐकत होती ती. म्हणून दाखवा."

एवढ्या महिन्यांत ती धून कुठे कानावर आली तरी मी रस्ता बदलला होता. माझा आवाज बसलेला, गाण्याशी माझा कधी संबंध नाही. तरी मी गुणगुणायला लागले. टिंग टिंग टिंग, वर जाते, खाली येते, साधी आहे अगदी. अर्ध्या मिनिटाने संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिथे मी थांबले.

"पुन्हा सुरू झाली असेल ना तिला?" ती म्हणाली.

"हो."

"मग म्हणा."

मी पुन्हा म्हटली. ती घड्याळाच्या काट्याकडे बघत होती. सत्तेचाळीस झाले तशी तिने हात वर केला आणि मी गप्प झाले.

ती उठली. तिचा चेहरा माझ्याने बघवेना. आतल्या खोलीकडे निघाली, दारात थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही जाऊ नका."

"दार थोडं उघडं ठेवाल?" मी विचारलं.

तिने ठेवलं. मी उठून बाहेरच्या दाराशी काढलेली माझी एक चप्पल आणली आणि त्या फटीत सारली. परत येऊन बसले. आतून रडण्याचा आवाज यायला लागला. आधी दाबलेला, मग मोठा. मी तिथेच बसून राहिले.

थोड्या वेळाने पर्समध्ये उजेड झाला. माझा मुका केलेला फोन. बाहेर थांबून थांबून यांना काळजी वाटली असणार. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. नेहमीसारखे हात गार पडले. मी पर्स बंद करून पायाशी ठेवली.

"ताई, इथेच आहे मी," मी आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

थोडं थांबून मी पुन्हा तेच म्हणाले. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत खुंटीखाली गेलं, तोवर मी तेच म्हणत होते.